सासरचं नाव

त्या गुरुवारी आमच्या महिला महाविद्यालयात दोन कंपन्या आपापली संगणक-प्रणाली दाखवायला आल्या होत्या. विद्यार्थिनींची प्रवेशापासून निकालापर्यंतची सगळी नोंद यापुढे तिच्यातच राहणार होती. अर्थशास्त्र शिकवणारी म्हणून मी निवड समितीत होते. बाबा त्याच महाविद्यालयात हेडक्लार्क. एकतीस वर्षं रजिस्टरं त्यांनी सांभाळलेली, म्हणून नमुन्याची नावं द्यायला तेवढं त्यांना बोलावलं होतं.

लखनौच्या कंपनीचा पडदा काळा, काम सावकाश. दिल्लीच्या कंपनीचा पडदा रंगीत, आणि गुणपत्रिका मिनिटात छापून हातात. सगळे खूश झाले. तेवढ्यात बाबा म्हणाले, "प्रभावती भागवत को ढूँढ़िए।"

ती सापडली नाही. आमच्या महाविद्यालयात शिकताना ती शरदिनी आठवले होती. आम्हा मराठी घरांत लग्नात तांदळावर नवं नाव लिहितात, मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतं. मग दहा-बारा वर्षांनी नोकरीसाठी दाखला मागणारं पत्र येतं ते सासरच्या नावाने. दोन्ही नावं एकाच बाईची, हे सांगणारा दुसरा कागद बहुतेकींकडे नसतो. बाबा रजिस्टरात जुन्या नावाशेजारी लाल शाईने नवं लिहून ठेवत. लखनौच्या प्रणालीत त्यासाठी जागा होती, दिल्लीच्या नव्हती.

"एक लड़की के दो नाम?" दिल्लीचा माणूस म्हणाला. "पुलिस ढूँढ़ रही है क्या, बाबूजी?"

सगळे हसले. प्राचार्या मॅडमनी मला विचारलं, "नीरजा, तुम क्या कहती हो?"

बाबांनी मुद्दाम खिडकीकडे तोंड केलं, मला अडचण होऊ नये म्हणून. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याशेजारी बसून असे अर्ज मीही जुळवले होते. पण मी वडिलांची बाजू घेते असं कुणी म्हणायला नको होतं.

"दिल्लीवाला ठीक रहेगा," मी म्हटलं. मॅडमनी कुणाची हरकत आहे का विचारलं; कुणाचीच नव्हती.

घरी जाताना परवलची भाजी घेऊन दूधविनायकाच्या गल्लीत शिरताना बाबा म्हणाले, "मॅडमनी हरकत विचारली तेव्हा समितीत आठ जण होते की आठ पुतळे?"

"पुतळे परवल आणत नाहीत. पिशवी धरा."

"तुला खरंच ठीक वाटलं ते?"

"बाबा, परवल जून निघाली बघा."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. जेवताना भाजी बरी झाली म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी संकठा घाटावर आंघोळ करून वर येताना ते पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत. नावाड्यांनी त्यांना घरी आणलं.

चौदाव्या दिवशी मी कामावर गेले. दुपारी समितीची बैठक होती. पहिला विषय बाबांचा शोकप्रस्ताव. आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. दुसरा विषय मागच्या बैठकीचं कार्यवृत्त. 'दिल्ली की कंपनी का चयन सर्वसम्मति से' असं त्यात टंकलेलं होतं. कागद सह्या गोळा करत माझ्यापर्यंत आला.

"आज आना ज़रूरी नहीं था, बेटी," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "बस दस्तख़त कर दो।"

पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं.

"सर्वसम्मति मत लिखिए, मैडम। दोनों नामों की जगह चाहिए। मैं उस दिन भी जानती थी।"

पुढचं मला हिंदीत सांगता येईना. समोर मराठी कळणारं कुणी नव्हतं, तरी मी म्हटलं, "बाबा, तुमचं बरोबर होतं. मला तुमची मुलगी म्हणवून घ्यायची लाज वाटली."