कावळ्याला दिलेला शब्द

देवस्थळी साहेब सफरचंदं घेऊन आले की सहदेव तोंड फिरवायचा. पुण्याहून पोलादपूरपर्यंत गाडीनं आणि पुढे उमरठच्या वरच्या वाडीपर्यंत धापा टाकत हा माणूस यायचा, तो काही सहदेवच्या आजारी भावाला बघायला नव्हे. भावाच्या उशाशी ठेवलेली गिटार बघायला.

भाऊ, गणू, उभी हयात मुंबईत ऑर्केस्ट्रात वाजवत होता. गिटार विजेवरची, अमेरिकेची, सहदेवच्या जन्माआधीची. देश सोडून निघालेल्या एका वादकानं ती त्याला दिली होती. लिव्हर कामातून गेलं तेव्हा गणू ती घेऊन वाडीवर परतला आणि आपल्या मुलीला, सोनालीला, शिकवत बसला. वीज असली की गोठ्यातली गुरंसुद्धा कान टवकारायची. "ही सोनूची हाय," त्यानं सहदेवला बजावलं होतं. "कोन काय बी देऊ दे, द्यायची नाय."

देवस्थळींच्या घरी अशा गिटारी काचेच्या कपाटांत होत्या म्हणे. ही पाहिल्यापासून त्यांची झोप उडाली होती. रंग मूळचा, आतली विजेची एकही तार कुणी हलवलेली नाही, असं ते घोळवून घोळवून सांगत. पेटीत नाक खुपसून वास घेत. सोनाली एकदा लाकडावरचा घामाचा डाग पुसायला गेली तर केवढ्यानं खेकसले! तो डाग म्हणजेच किंमत म्हणे. ज्याचा घाम तो पलीकडे कण्हत पडला होता, त्याच्याकडे मात्र ढुंकून बघितलं नाही. एकदा तर त्यांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून गणूच्या देखत गिटारची मान सोडवली. आत कारागिरानं पेन्सिलीनं तारीख लिहिलेली असते, ती बघायची होती. गणूला उठवत नव्हतं, तो नुसता बघत राहिला. तारीख सापडली तेव्हा देवस्थळींच्या डोळ्यांत पाणी आलं. गणू गेला तेव्हा काही आलं नाही.

दहाव्याला सावित्री नदीच्या काठी ते हजर. गणू गेला की कळव, असं पोलादपूरच्या एसटीडी बूथवाल्याला आधीच सांगून ठेवलं असणार. पिंड मांडला, भावकी मागे सरली. कावळे झाडावर बसून होते, पण एकही खाली येईना. गणूला मुलगा नाही, म्हणून विधीला सहदेवच बसला होता. तो हात जोडून म्हणाला, "दादा, वयनीला अंतर देनार नाय. सोनूचं लगीन थाटात करीन." कावळे ढिम्म. ऊन चढलं. काठावर गणूची बायको, रंगूबाई, पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

देवस्थळी पुढे झाले. ओंजळीतली फुलं पिंडाशी वाहून नमस्कार करून मागे आले आणि सहदेवच्या कानाशी लागले. "गिटारचं बोला, सहदेवराव. मला देतो म्हणा. तिथंच जीव अडकलाय त्यांचा."

"बोला ओ भावजी!" रंगूबाई ओरडली. "काय बी कबूल करा, पन सोडवा त्यांना!"

सहदेवनं डोळे मिटले. "दादा, तुजी गिटार या सायबांना देतो."

पंख फडफडले. कावळा शिवला! भावकीनं सुटकेचा निःश्वास टाकला. देवस्थळींनी सहदेवचे दोन्ही हात हातांत घेतले आणि त्याच्या नाकात वास गेला. सुक्या बोंबलाचा. ज्या घरात दहा दिवस मासळी शिजली नव्हती, त्या घरातल्या माणसाला तो वास ओळखायला वेळ लागतो होय?

तो पिंडाशी गेला. भाताचं शीतही हललं नव्हतं. फुलांत बोंबलाचा एक तुकडा उरला होता. मेलेल्या माणसाच्या पिंडावर बोंबील! बोंब मारायला सहदेवनं तोंड उघडलं, तेवढ्यात रंगूबाई दिसली. "सुटले गो, सुटले," म्हणत ती सोनालीला कुरवाळत होती. आता बोललं तर पिंड बाटला, आणि हिचा नवरा हिच्या लेखी जन्मभर उपाशी भटकणार. सहदेवनं तो तुकडा पायानं पाण्यात लोटला.

घरी आल्यावर रंगूबाई देवस्थळींच्या पायांवर वाकली. "तुमी होता म्हनून सुटले ओ ते." त्यांनी तोच हात तिच्या डोक्यावर ठेवला. सोनाली गिटारची पेटी घेऊन जवळच उभी होती. तिनं नाक मुरडलं.

"काका, यांच्या हाताला बोंबलाचा वास येतो."

देवस्थळींचा चेहरा पांढराफटक पडला. सगळे सहदेवकडे बघायला लागले.

"कायतरीच काय गो," सहदेव म्हणाला. "बापाच्या दहाव्याला बोंबील कुटला? दे ती पेटी सायबांना."

बोलताना त्याला स्वतःचीच किळस आली. सोनालीनं आधी देवस्थळींच्या हाताकडे पाहिलं, मग काकाच्या तोंडाकडे. पोर खुळी नव्हती. तिनं पेटी सहदेवच्या पुढ्यात ठेवली.

"तुमीच द्या," ती म्हणाली.

आणि सहदेवनं दिली.