पाण्याखालच्या गावचं आलिच

बी पेरल्यावर गप्प बसावं, हे मला उभ्या आयुष्यात जमलेलं नाही. तीस वर्षं टपाल वाटलं. दुसऱ्याचं पाकीट उन्हाकडे धरून बघायची खोड तिथलीच. माझी बायको गुलिझार म्हणते, "तुम्हाला कबरीत ठेवलं तरी शेजारी कोण आलंय ते उठून बघाल."

तिच्या माहेरच्या गावावर धरणाचं पाणी चढणार होतं. त्याच्या आदल्या पानगळीत आम्ही गावात शेवटचं गेलो. लोक दारं, खिडक्या, तुळया काढून नेत होते. गुलिझारनं ओंजळभर आलिच वेचलं. तिच्या बापाच्या खळ्याकडेला ते झाड होतं, दीड पुरुष उंच, काटेरी, बोराएवढ्या पिवळ्याधमक फळांचं. बाजारात मिळतं ते आलिच लाल आणि पिठूळ. तसलं पिवळं, आंबटगोड आमच्या पठारावर दुसरीकडे नाही, असं ती म्हणते, आणि मी सात गावं पायी हिंडलोय, खरंच नाही. फळं आम्ही परतीच्या बसमध्ये खाल्ली. बिया तिनं रुमालात बांधल्या. चाळीस भरल्या.

आम्ही राहतो ती नवी वस्ती म्हणजे एका रांगेत सिमेंटची घरं. मी म्हणालो, अंगणात लाव.

"ह्या चुन्याविटांत? त्याला खडकाळ, कोरडी जमीन लागते. मागच्या उतारावर लावू."

"कुंपणाबाहेर?"

"त्याला स्वतःचे काटे आहेत. कुंपण कशाला हवंय?"

बर्फ पडायच्या आत बिया बोटभर खोल पेरल्या. चार महिने त्या बर्फाखाली राहिल्या. वसंतात उतारावर गवत आलं, रानलसूण आली, आलिच काही येईना. मला राहवेना. एक बी उकरली, दगडावर ठेवून हातोडीनं फोडली. आत पांढरा, ओलसर गर. म्हणजे जिवंत होती! मग का उगवत नाही? आठ दिवसांनी दुसरी फोडली, ती तरी काही सांगेल म्हणून. मग तिसरी. गुलिझारनं मला हातोडीसकट पकडलं तेव्हा अकरा उरल्या होत्या.

"काय हो, सापडलं का माझं माहेर आत?"

"जिवंत आहेत गं, पण उगवत नाहीत!"

"आलिच दोन हिवाळे झोपतं. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"मग आधी सांगायचं नाही?"

"विचारलंत कुठे? तुम्ही थेट हातोडीच काढलीत."

दुसरा हिवाळा गेला आणि अकरातली एक उगवली. दोन गुळगुळीत पानं, मग एक कातरलेलं. मी रोज जायचो. पेन्सिलीनं काडीवर खुणा करायचो. उन्हाळ्यात दहा दिवसांनी एक तांब्या पाणी, त्याहून जास्त नाही. थंडीत बुंध्याशी बर्फ लोटून ठेवायचा, म्हणजे मुळं गारठत नाहीत. सशांनी साल कुरतडू नये म्हणून जाळी लावायची, बर्फ वितळला की काढायची. चार वर्षांत ते माझ्या कमरेला लागलं. खोड अंगठ्याएवढं झालं. गुलिझार त्याला शिव्या देत खुरपायची, आणि ती ज्याला शिव्या देते त्याच्यावर तिचा जीव असतो, हे मी अनुभवानं सांगतो.

त्या वसंतात लेकीच्या बाळंतपणाला आम्ही सिवास शहरात गेलो. महिनाभरानं परतलो, तर बसथांब्यावर मेव्लूतकाका उभे. शेजारच्या गावचे, ऐंशीचे, कमरेला कलमाची सुरी. दर वसंतात ते डोंगर तुडवतात आणि दिसेल त्या रानटी झाडावर नाशपातीचं कलम बांधतात. कुणाला विचारत नाहीत, कुणाकडून काही घेत नाहीत. आमच्याकडे हे मोठं पुण्य: काटेरी झाड गोड करून सोडायचं, मग वाटसरू खावो की पाखरू. टपाल वाटताना मी त्यांच्याच नाशपात्या खाऊन दिवस काढलेत.

"बेकिर, तोंड गोड कर!" ते लांबूनच ओरडले. "तुझ्या मागच्या उतारावर एक रानटी आलिच होतं बघ. काय सरळ खोड! बांधलं कलम. लागलंय! तीन वर्षांत नाशपाती खाशील."

गुलिझार पिशव्या तिथेच टाकून चढ चढू लागली.

झाड वीतभर उंचीवर कापलेलं होतं. खुंटाच्या चिरेत नाशपातीच्या दोन काड्या, वर मातीचा लेप, आणि काड्यांना चकचकीत हिरवी पानं. काम मोठं सुरेख होतं. गुलिझार खाली बसली.

"वरचा शेंडा कुठाय, काका?"

"शेळ्यांना घातला. का गं?"

मग मीच सांगितलं: खळं, पाणी, रुमाल, चाळीस बिया. एकोणतीस मी फोडल्या, हेही सांगितलं. काकांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला.

"कुंपण नव्हतं, पोरी. मला वाटलं, देवाचं आहे."

"आता खालून फुटवा येईल का?"

"आले होते चार. मीच दर शुक्रवारी येऊन खुडले. ते ठेवले तर कलम मरतं." त्यांनी खुंटावरून बोट फिरवलं. "ऐक. हे असंच राहू दे. मुळं तुझ्या बापाच्या झाडाचीच आहेत. नाशपाती शंभर टक्के जगेल. मी पुन्हा कापलं, तर एका वसंतात दोनदा घाव होईल, पुढे कोरडा उन्हाळा. फुटलं तर फुटलं, नाहीतर मुळासकट वाळेल. मग काहीच उरणार नाही."

मला काकांचं म्हणणं पटलं. काहीतरी उरणं हे काहीच न उरण्यापेक्षा बरं. मी तसं बोललोही.

"मुळं?" गुलिझार म्हणाली. "माझी सगळी मुळं त्या पाण्याखाली आहेतच की. न दिसणारं खूप झालं मला. कापा."

"पोरी, लागलेलं कलम मी कधी कापलं नाही. पाप लागेल."

"तुम्हीच लावलंत, तुम्हीच काढा."

काकांनी सुरी माझ्यापुढे धरली. मी हात मागे घेतला. शेवटी त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि दोन्ही काड्यांसकट खुंटाचा माथा उडवला. पानं इतकी ताजी होती की मला बघवलं नाही. "पन्नास वर्षं आंबटाचं गोड केलं," ते पुटपुटले, "आज गोडाचं आंबट करतोय."

मग तीन आठवडे खुंट नुसता उभा. रोज सकाळी मी जाऊन उकिडवा बसे. नखानं साल किंचित खरवडून आत हिरवं आहे का बघावं, असं हात सांगायचा. पण गुलिझार मागच्या दारात उभी असायची. शुक्रवारचा नमाज झाला की काका चार किलोमीटर चालत यायचे, खुंट बघायचे आणि चहाला नाही म्हणून परत जायचे. त्यांनी त्या वसंतात पुढे एकही कलम बांधलं नाही, असं मला त्यांच्या सुनेनं सांगितलं.

चौथ्या शुक्रवारी आम्ही तिघंही वाकून बघत होतो. जमिनीला लागून, सालीच्या सुरकुतीत, गव्हाच्या दाण्याएवढं काहीतरी लालसर. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. कोंब होता.

आणि काकांचा हात पुढे गेला. खुंटाच्या खालचा फुटवा दिसला की अंगठ्यानं तो मोडायचा, ही पन्नास वर्षांची सवय. डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं. अंगठा कोंबावर टेकलाच होता. गुलिझारनं फाडकन त्या हातावर फटका मारला. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या हातावर! आमच्याकडे म्हाताऱ्यांपुढे पाय पसरून बसत नाहीत.

काकांनी हात छातीशी घेतला. कोंब जागेवर होता.

गुलिझारनं तोच हात दोन्ही हातांत धरला, वडीलधाऱ्यांना मान देतात तसं त्याचं चुंबन घेऊन कपाळाला लावला, आणि रडायला लागली. गाव बुडालं त्या दिवशी आम्ही काठावर उभे होतो, मशिदीचा मिनार शेवटी गेला, तेव्हाही ती रडली नव्हती. मला वाटलं होतं, हिचं मन घट्ट आहे.

"मार, अजून एक मार," काका म्हणाले, "पण असं रडू नको गं."

ती रडतच राहिली, आणि आम्ही दोघांनी तिला रडू दिलं.