आप्पांच्या दाराची पट्टी

मी वायपरमधली पोलादी पट्टी बोलतेय. गाडीच्या काचेवर जे रबर इकडून तिकडे फिरतं, त्याच्या पोटात माझ्यासारख्या दोन बारीक पट्ट्या असतात. लोकांना दिसतं ते रबर. आम्ही कुणाच्या खिजगणतीत नसतो. रबराला ताठ ठेवायचं, एवढंच आमचं काम. चौदा वर्षं मी आणि माझी जुळी बहीण ते इमानेइतबारे करत आलो.

मग गाडी थकली आणि आम्ही भंगाराच्या आवारात आलो. तिथे जुन्या गाड्या खोलायचं काम एक बाई करायची. हातात सदा पान्हा, म्हणून सगळे तिला पान्हेबाई म्हणत. एका दुपारी तिने रबर चिरून आम्हाला बाहेर ओढलं, बोटांनी वाकवून सोडून दिलं. आम्ही टणकन सरळ झालो.

"चालेल," ती स्वतःशीच म्हणाली. कशाला चालेल, ते काही बोलली नाही.

रोज जेवणाच्या सुट्टीत ती मला व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळून कानशीने घासायची. ते दुखणं सांगत बसत नाही. चार दिवसांत माझं टोक निमुळतं होऊन किंचित वर वळलं. बहिणीला तर तिने काटकोनात वाकवलं.

आवाराच्या फाटकावर रखवालदाराने तिची पिशवी तपासली. "हे काय गं?"

"केसांचा आकडा."

"एवढा मोठा?"

"केस दाट आहेत."

रखवालदार हसला. तिने मला झटकन परत घेतलं आणि मागे न बघता चालू लागली. मी चोराच्या हाती लागले, अशी माझी खात्रीच पटली.

खरा प्रकार घरी गेल्यावर कळला. तिच्या वडिलांनी, आप्पांनी, चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली होती. आता त्यांचं विसरणं वाढलं होतं. आज वार कोणता, जेवलो की नाही, समोर उभी आहे ती मुलगी की बहीण, सगळ्याचा घोळ. चोर येतील ही भीती तेवढी पक्की. खोलीच्या दारातच बसवलेलं, दोन्हीकडून किल्ली लागणारं कुलूप ते आतून लावायचे आणि किल्ली अशी लपवायचे की त्यांना स्वतःलाही सापडू नये. पान्हेबाईने जादा किल्ल्या करून पाहिल्या. त्याही ते हुडकून गायब करत. त्यात साखरेचा आजार. सकाळी इंजेक्शन घेतलं की अर्ध्या तासात पोटात काहीतरी जायलाच हवं.

डोकं ठिकाणावर असलेल्या दिवशी ती त्यांच्याकडूनच किल्लीशिवाय कुलूप उघडायला शिकायची. मांडीवर जुनं कुलूप घेऊन आप्पा खुलायचे. "एका पट्टीने ताण धरायचा, दुसरीने आतल्या खुंट्या एकेक करून उचलायच्या. पण हे कुणाच्या दाराला लावणार आहेस, ते आधी सांग."

"कुणाच्याच नाही आप्पा. सहज शिकतेय."

असं म्हणताना ती खाली बघायची.

आणि एका सकाळी ते झालंच. इंजेक्शन देऊन ती ताट आणायला बाहेर पडली, तोच मागे कुलूप फिरलं.

"आप्पा, दार उघडा. जेवायचंय ना?"

"कोण तुम्ही?"

"मी, तुमची मुलगी."

"माझी मुलगी शाळेत गेलीय."

अर्धा तास विनवण्यात गेला. शेजारचे सुतारकाका पहार घेऊन धावत आले. खिडकीच्या गजांतून पाहिलं तर आप्पा दाराला पाठ टेकून बसलेले, सदरा घामाने चिंब. गजांतून साखर पुढे केली, तर त्यांनी तोंड फिरवलं.

"दार फोडलं तर फळी त्यांच्याच डोक्यात बसेल," काका म्हणाले आणि त्यांनी पहार खाली ठेवली.

तेव्हा पान्हेबाईने मला बाहेर काढलं. बहीण ताण धरून राहिली. मी कुलपात शिरले. पहिली खुंटी उचलली, दुसरी उचलली, तिसरीला बहिणीचा ताण जास्त झाला आणि सगळ्या अडकून बसल्या. पुन्हा सुरुवात. पुन्हा तेच.

"चोर आहे," आप्पा आत पुटपुटले. बहुधा कान देऊन ऐकत असावेत, कारण थोड्या वेळाने जड झालेल्या जिभेने म्हणाले, "शिकाऊ दिसतोय. अरे, एवढा ताण नको. हात सैल सोड."

"हो आप्पा," ती म्हणाली.

"मागून पुढे ये. घाई केलीस तर..."

वाक्य अर्धंच राहिलं.

तिने हात सैल सोडला आणि मागच्या खुंटीपासून सुरुवात केली. शेवटची खुंटी भारी हट्टी निघाली. माझं टोक वाकायला लागलं. मी तुटले असते तर तुकडा आतच रुतला असता, आणि मग कुणाचाच इलाज चालला नसता. कशीबशी तग धरून राहिले. खुंटी वर गेली. कुलूप फिरलं.

दार चार बोटंच उघडलं, कारण आप्पांचा सगळा भार त्यावर होता. त्या फटीतून तिने हात घातला आणि बोट साखरेत बुडवून त्यांच्या हिरड्यांना चोळत राहिली. सुतारकाका डॉक्टरला आणायला पळाले. ते परत यायच्या आत आतून आवाज आला, "तू आज कामाला नाही गेलीस?"

पान्हेबाईने बोटावर आणखी साखर घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने कुलूपच काढून टाकलं. आप्पा दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसले. "जन्मभर लोकांची कुलपं सांभाळली, आणि माझ्याच खोलीला कुलूप नाही," एवढंच म्हणाले. तिला ते बघवेना. तिसऱ्या दिवशी कुलूप परत बसवलं, त्यात तेल सोडलं आणि डॉक्टरांना विचारून एक नियम केला: आधी ताट समोर, मगच इंजेक्शन. आम्हा दोघींना तिने दोऱ्यात बांधून गळ्यात अडकवलं.

माझं टोक तिने पकडीने सरळ केलंय. पण एकदा वाकलेलं पोलाद आतून कच्चं होतं. पुढच्या वेळी टिकेन की नाही, मलाच ठाऊक नाही. पान्हेबाई, माझं ऐक. आवारात वायपर पुष्कळ पडलेत. माझ्यासारखी आणखी एक घासून ठेव.

आत्ताच कुलूप फिरल्याचा आवाज आलाय. तिने ताट खाली ठेवलं. "आप्पा?"

तिचा हात गळ्यातल्या दोऱ्याकडे गेला.

"आप्पा, ऐकताय ना?"

"ऐकतोय," आतून आवाज आला. "कपडे बदलतोय."

तिने श्वास सोडला. मला मात्र अजून मुठीत घट्ट धरून ठेवलंय.