गेल्या जन्मीचं नाही

मी एक जुनी, माणसाला उठवून उभं करणारी खुर्ची आहे. माझ्या हाताशी दोन बटणं आहेत. एक दाबलं की मी मागे रेलते. दुसरं दाबलं की मागून हळूहळू वर होते आणि बसलेल्याला पायांवर उभं करते. मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगते. मी रागावलेली आहे.

मिसिसिपीतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. न्यू जर्सीत एडिसनला आले ती कुशलच्या वडिलांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. कुशल इथल्या बौद्ध मंडळींचा गट चालवतो. पंधरा-वीस कुटुंबं आहेत, महिन्याच्या पहिल्या रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये जमून वंदना घेतात. कुशलचे वडील चालायला लागले, तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि मला गॅरेजमध्ये ढकललं. तीन हिवाळे मी बर्फ काढायच्या फावड्याशेजारी काढले. उंदरांनी माझा कापूस पळवला. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग उपासना आजारी पडली. ती फार्मासिस्ट, शिवाय गटातल्या मुलांचा रविवारचा वर्ग घेणारी. तिच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. छाती उघडून ती बदलावी लागली. अशा माणसाला काही आठवडे हातांवर जोर देऊन उठायचं नसतं. आडवं झोपणंही जड जातं. म्हणून कुशल आणि उपासनेचा नवरा प्रितम मला पिकअपमध्ये घालून तिच्या घरी घेऊन आले.

गटाने ते घर सांभाळलं. रोज एकेका घरून बिनमिठाचा डबा यायचा आणि आणणारा तेच जेवण तिच्यासोबत जेवायचा. सत्तरीच्या रत्नाबाई रोज सकाळी येऊन शेजारी बसायच्या. पण उपासना चालायला तयार नव्हती. श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचं प्लास्टिकचं यंत्र तिला दिलं होतं, त्याला ती हातही लावेना. नर्सने बजावलं होतं, असंच चाललं तर न्यूमोनिया होईल, परत अ‍ॅडमिट व्हावं लागेल. प्रितम हवालदिल झाला होता.

येणारे म्हणायचे, "ताई, तुम्ही किती स्ट्राँग आहात. मन शांत ठेवा." ती मान हलवायची. तिची पाठ दिवसभर माझ्या पाठीला टेकलेली असे. ती शांत नव्हती, हे मला ठाऊक होतं.

एका दुपारी समोरच्या घरातली वीणा सूप घेऊन आली. कुशल आणि रत्नाबाई तिथेच होते. वीणा मायेनेच बोलत होती. "तू इतकी साधी, कुणाचं वाईट केलं नाहीस. गेल्या जन्मीचं काहीतरी असतं गं, भोगून संपवावं लागतं. आता संपलं असं समज."

उपासनेने बटण दाबलं. मी तिला उभं केलं.

"गेल्या जन्मीचं नाही, वीणाताई. याच जन्मीचं आहे."

कुशल घाईने म्हणाला, "ताई, राग नको. हार्टवर स्ट्रेन येईल. आपण मैत्रीभावनेचं ध्यान..."

"तू गप बस, कुशल," रत्नाबाई म्हणाल्या. "बोलू दे तिला."

आणि उपासना बोलली. भंडाऱ्याकडचं एक खेडं. ती आठ वर्षांची. घसा सुजलेला, ताप, मग सांधे सुजले. आई तिला कडेवर घेऊन दवाखान्यात गेली. त्यांच्या दलित वस्तीतल्यांना आत घेत नसत. कंपाउंडरने दोन दिवसांच्या गोळ्यांची पुडी लांबूनच पायरीवर टाकली. आई तीनदा गेली, तीनदा पुडीच मिळाली.

"त्या तापाने झडप खराब होते. इथल्या डॉक्टरने विचारलं, लहानपणी ट्रीटमेंट का नाही घेतली? काय सांगू मी त्याला? चाळीस वर्षं मी ही झडप घेऊन जगले, आणि तुम्ही म्हणता माझाच हिशेब होता."

तिला खोकला आला. रत्नाबाईंनी छातीशी धरायला उशी दिली. वीणा निघून गेली. उपासना रडली, मग झोपली. संध्याकाळी जागी झाल्यावर म्हणाली, "प्रितम, ते यंत्र दे." पहिला चेंडू जेमतेम हलला. तिने पुन्हा श्वास ओढला.

त्या महिन्याची वंदना तिच्या घरी झाली. सगळे माझ्याभोवती खाली बसले. वंदना संपल्यावर कुशल म्हणाला, "ताई, मी चुकलो. मला भीती वाटली, म्हणून तुम्हाला गप करायला निघालो." मग रत्नाबाईंनी आपल्या गावच्या दवाखान्याची पायरी सांगितली. आणखी दोघांनी आपापली सांगितली. कुणी कुणाला शांत हो म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून उपासना रत्नाबाईंचा हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालायला लागली.

तीन महिन्यांनी ती कामावर रुजू झाली. माझ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग साठला. पुन्हा गॅरेज, हे मी ओळखलं, आणि मला संताप आला.

पण मे महिन्यात वीणाचा नवरा राजीव शिडीवरून पडला, त्याचं खुब्याचं हाड मोडलं. उपासनेने ते ऐकलं आणि म्हणाली, "खुर्ची त्यांच्याकडे पोचवायची."

"त्यांच्याकडे? ती बोलली ते विसरलीस?" प्रितमने विचारलं.

"विसरले नाही. त्या माणसाला उठता येत नाहीये."

कुशल आणि प्रितमने मला रस्त्यापलीकडे नेलं. उपासना सोबत चालत आली. वीणाने दार उघडलं, मला पाहिलं आणि डोळे पुसायला लागली. "मला माहीत नव्हतं गं."

"आता माहीत झालं," उपासना म्हणाली. "परत कुणा आजारी माणसाला असं म्हणू नका. मी अजून रागावलेली आहे. उठवायचं बटण उजवीकडे आहे."

मित्रांनो, सध्या मी राजीवला उठवते. माझं काम झालं की मला अडगळीत टाकू नका, कुणाला तरी उठायचं असतंच. आणि आजाऱ्याकडे जाल तेव्हा त्याच्या दुखण्याचं कारण घरून ठरवून नेऊ नका. भांडी घासा, त्याच्यासोबत चार पावलं चाला. तो चिडला, तर ऐकून घ्या. उठून जाऊ नका.