ताईच्या औषधाची धूळ

भावोजी आमच्याकडे राहायला आले तेव्हा शेजाऱ्यांनी ठरवूनच टाकलं, की त्यांचं आणि ताईचं बिनसलंय. खरं कारण सांगितलं असतं तर कुणाचा विश्वास बसला नसता. माझाही बसत नव्हता, आणि ताई तर माझी सख्खी बहीण.

ताई औषधांवर संशोधन करते. ज्या लहान मुलांच्या फिट्स दुसऱ्या कशानेच थांबत नाहीत, त्यांच्यासाठीचं एक औषध तिच्या हाताखाली वाढलं. औषध गुणी, पण पाण्यात विरघळायचं नाव घेत नव्हतं. न विरघळलेलं औषध आतड्यातून रक्तात जात नाही. गिळलं तसं बाहेर पडतं. ताईने वर्षानुवर्षं डोकं लढवून त्याचे सैल बांधणीचे स्फटिक करून दाखवले. ते छान विरघळायचे. भावोजी शहराबाहेरच्या कारखान्यात तेच स्फटिक बनवणाऱ्या विभागाचे प्रमुख. यांचं लग्न औषधानेच जुळवलं, असं मी चिडवायचो.

मग एका सकाळी ताईच्या प्रयोगशाळेत गोळीचा चुरा काचेच्या भांड्यात तळाशी बसला तो बसलाच. तपासलं तर औषध तेच, पण स्फटिक नवे, घट्ट बांधणीचे. असे स्फटिक एकदा जन्माला आले की पिच्छा सोडत नाहीत. त्यांचा डोळ्यांना न दिसणारा कण जरी पडला, तरी भांड्यातलं सगळं औषध त्यांच्याच वळणावर जातं. ताईने भांडी बदलली, खोली धुऊन काढली, अंगावरचे झगे जाळले. घट्टच निघत राहिले. कारखान्यात मात्र अजून सैल होत होते. नशिबाने तेवढे दिवस भावोजी तिथेच मुक्कामाला होते.

"तू घरी येऊ नकोस," ताईने त्यांना फोनवर सांगितलं. "माझ्या केसांत, कपाटात, उशीत, कुठेही असेल ते."

"अगं, मग जाऊ कुठे?"

"माझ्या भावाकडे."

भावाला विचारायची पद्धत आमच्या घरात नाही. त्या दिवसापासून मलाही ताईकडे जायची बंदी झाली. तिचं घर दोन गल्ल्यांपलीकडे, आणि मी चष्म्याच्या दुकानात कामाला जाताना लांबचा वळसा घालायचो. चोर असल्यासारखं वाटायचं.

पुढे भावोजी तापाने फणफणले. ताई आली, पण समोरच्या फुटपाथवर उभी राहिली. मी गॅलरीतून ओरडलो, "वर ये की!"

तिने फोन लावला. "डॉक्टर काय म्हणाले? पाणी पितोय का?"

"ते तू येऊन बघ. नवरा आहे तुझा."

"मी आले तर तो बरा होऊन कारखान्यात काय घेऊन जाईल, कळतंय का तुला? हॉस्पिटलातली मुलं त्या औषधावर आहेत. ते बंद झालं तर फिट्स परत सुरू होतील त्यांच्या."

मला तिचा भयंकर राग आला. मी फोन कट केला. ती बराच वेळ तिथेच उभी होती, आणि खोलीतल्या पलंगावरून भावोजींना ती दिसत नव्हती. मी त्यांना सांगितलंही नाही.

ते बरे झाले, कामावर जाऊ लागले. मग एका दुपारी ते अवेळी परत आले. त्यांनी कपडे बॅगेत कोंबले.

"घरी चाललोय," म्हणाले.

"कोणत्या?"

"माझ्या."

माझ्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. संपला एकदाचा वनवास. ते जिना उतरले तसा मी ताईला फोन लावला. तिच्याशी धड बोललो नव्हतो, त्याचीही भरपाई होईल असं वाटलं.

"ताई, खुशखबर आहे. भावोजी घरी येतायत. बॅग घेऊन. कायमचे."

मला वाटलं, ती आता आनंदाने ओरडेल.

"तिकडेही निघाले म्हणजे," ती म्हणाली.

"काय निघाले?"

"घट्ट."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरी यायला आता काही हरकत उरली नव्हती, म्हणून ते येत होते.

"त्या पोरांचं काय होणार रे आता?" ताई म्हणाली आणि रडू लागली. फोनमधूनच मला तिच्या दाराची बेल ऐकू आली. ती उठल्याचा आवाज काही आला नाही.