व्हर्ना कांगासची तबकडी

व्हर्ना कांगास नाकावर माशी बसू देणारी बाई नव्हती. एकोणीस उन्हाळे ती दर पंधरा दिवसांनी होडी वल्हवत टॅमरॅक तळ्याच्या मधोमध जायची, काळी-पांढरी तबकडी दोराने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरावरच्या खुणेचा आकडा राज्याच्या कचेरीला कळवायची. पगार शून्य. मिनेसोटात तळी हजारो, सरकार कुठे कुठे पुरणार? ज्याचं तळं त्याने बघावं, एवढा सरळ हिशेब.

पाणी जितकं निवळ तितका आकडा मोठा; तो नेहमी बारा फुटांच्या आसपास असायचा. गेली तीन वर्षं तो घसरत होता. अकरा फूट, दहा, आता नऊ. पाणी गढूळ होतंय असं व्हर्नाने कळवलं, आणि तळ्याचं नाव खराब तळ्यांच्या यादीत जायची वेळ आली.

शनिवारच्या सभेत तळ्याकाठच्या रहिवाशांच्या संघाचा अध्यक्ष कर्टिस नायगार्ड कॉफीचा कप घेऊन उठला. काठावरची घरं विकणं हा त्याचा धंदा, त्याला ती यादी परवडणारी नव्हती.

"मिसेस कांगास, राग मानू नका," तो म्हणाला, "पण गढूळ पाणी नाही, तुमचे डोळे झालेत. आकडे आता दुसऱ्या कुणी घ्यावेत."

सभेतल्या निम्म्यांना व्हर्नाने शाळेच्या स्वयंपाकघरात जेवू घातलं होतं, तरी सगळे आपापल्या केकच्या तुकड्याकडे बघत बसले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सोमवारी दहाला माझ्या धक्क्यावर ये," ती म्हणाली. "तूच वाच. तुझं खरं निघालं तर दोर खाली ठेवते. पण नियम माझे. शाळेत वाटाणे रुमालात लपवायचास, विसरले नाहीये मी."

सोमवारी तळ्याच्या मध्यावर तिने होडी नांगरली. सावलीची बाजू, काळा चष्मा नाही, सगळं रीतसर. तिने तबकडी सोडली. नऊ फुटांवर ती नाहीशी झाली.

"मला अजून दिसतेय की!" कर्टिस म्हणाला.

"तुला दिसणारच. यादी टळते ना तुझी!"

पण व्हर्ना तयारीने आली होती. दोर तिने आपल्या जाकिटाखाली घेतला, म्हणजे खुणा फक्त तिलाच दिसाव्यात.

"तोंड पाण्याकडे. तीनदा दोर मी सोडणार, मीच ओढणार. दिसेनाशी झाली की 'गेली' म्हण. खोटं बोलायचं असेल तर तिन्ही वेळा एकाच जागी बोलून दाखव."

पहिल्यांदा तिने दोर संथ सोडला.

"गेली."

बारा फूट.

दुसऱ्यांदा झपकन सोडला, मध्येच वर खेचला, पुन्हा सोडला.

"गेली."

बारा.

तिसऱ्यांदा ती दहावरच थांबली. "गेली ना?"

"नाही हो, आहे की. सोडा अजून... सोडा... हां, आता गेली."

बारा.

व्हर्नाने दोर वर ओढून घेतला. सापळा तिचाच होता, कुठलाही लबाड त्यातून सुटला नसता. म्हणजे डोळे तिचेच गेले होते, आणि तीन वर्षं ती आपल्या सहीने चुकीचे आकडे पाठवत होती. तिला भयंकर लाज वाटली. मग तिच्या ध्यानात आलं, की पाणी बारा फूट निवळ आहे. तळं मरत नव्हतं! तीन वर्षं ती जित्या तळ्याचं सुतक धरून बसली होती. ती इतकी खदखदून हसली की होडी डुलायला लागली.

कर्टिस घाबरला. "मिसेस कांगास, बरं वाटतंय ना? हे बघा, मधला मार्ग काढू. साडेदहा लिहू. तुमचाही मान राहील."

"माझ्या मानाने पाणी मोजतोस होय रे? बारा म्हणजे बारा."

तिने फॉर्म मांडीवर घेतला. वाचणाऱ्याच्या जागी कर्टिसचं नाव घातलं. मग शेऱ्याच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं: 'मागच्या तीन वर्षांचे माझे सगळे आकडे खोडावेत. तळं चांगलं आहे. वाचणारीचे डोळे खराब आहेत.'

आणि खाली नेहमीसारखी झोकात सही ठोकली.