बैठकीत न मावलेली मासोळ्यांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची पेटी आहे आणि आधीच सांगून ठेवते, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. माझ्यासमोर उभं राहून तुम्ही "किती छान!" म्हणालात, तरी मी मनात म्हणते, ह्यांना मासोळ्या आवडल्या की शेजाऱ्यांवर छाप पाडायला काहीतरी हवंय? हा संशयी स्वभाव माझा जन्मापासूनचा नाही. जवाहरनगरला, कारखान्याच्या वसाहतीतल्या एका क्वार्टरात राहून तो जडला.

माझा जन्म १९७८ सालचा, भंडाऱ्यातल्या एका वेल्डिंगच्या दुकानातला. लोखंडी अँगलची चौकट, जाड काचा आणि फटींमध्ये पुट्टी. मला बनवून घेणारे ताराचंदभाऊ कारखान्यात फिटर होते. एका साहेबांच्या बंगल्यावर त्यांनी रंगीत मासोळ्यांची पेटी पाहिली आणि तिथेच त्यांच्या मनाने घेतलं, आपली पेटी ह्यापेक्षा मोठी पाहिजे. कारखान्यात केसाएवढी चूक चालू न देणारा हा माणूस, पण माझं माप घेतलं त्यांनी दिवाळीच्या पोताईच्या दिवशी! चुना मारायचा म्हणून बाज, कपाट, शिलाई मशीन, सगळं अंगणात काढलेलं. रिकामी बैठक त्यांना मैदानासारखी वाटली. भिंतीला टेप लावून ते खुशीत म्हणाले, "ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यालोक बसते पाहा!"

मी घरी आले आणि मागोमाग सामानही आत आलं. मग काय सांगू! स्वयंपाकघराचं दार अर्धंच उघडू लागलं. बाज ओसरीत गेली. पाहुण्यांनी माझं कौतुक केलं खरं, पण ते आडवं होऊन आत शिरत करावं लागे. ताराचंदभाऊंच्या पत्नी उषाबाई म्हणाल्या, "आपण राहाचं कुठी? पाण्यात?" अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, पण इथे अंथरूणच ओसरीत गेलं होतं.

नागपूरहून आणलेल्या सोनेरी मासोळ्या माझ्यात कुठल्या कुठे हरवून जात. पेटी रिकामी दिसते, म्हणून लोक हसू लागले. तेव्हा ताराचंदभाऊंचे मोठे भाऊ यादोराव अड्याळहून आले. त्यांच्या हातात झाकलेली डेचकी होती आणि डेचकीत गावच्या तळ्यातली काळपट पिल्लं.

"एवढ्या मोठ्या तळ्यात ह्या चिमण्या कायले सोडल्या बाप्पा? तळ्याले तळ्याचीच मासोळी पायजे," असं म्हणून त्यांनी ती पिल्लं माझ्यात ओतली.

मला त्याच क्षणी शंका आली. त्यातलं एक पिल्लू इतरांसारखं फिरेना. ते दगडांच्या कपारीत जाऊन बसलं आणि तिथून टक लावून बघत राहिलं. ते मरळीचं पिल्लू होतं. मरळ दुसऱ्या मासोळ्या खाऊन वाढते, हे यादोरावांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण डेचकीतली बोटभर मासोळी कोण निरखून बघतो?

माझं पाणी बदलायचं म्हणजे विहिरीवरून बादल्यांमागून बादल्या आणायच्या. दोन-तीनदा झालं, मग ताराचंदभाऊंची कंबर धरली. पाणी हिरवं झालं, शेवाळाने काच आंधळी झाली. त्या हिरव्या पडद्याआड मरळ वाढत होती आणि एकेक सोनेरी मासोळी गिळत होती. मी सगळं बघत होते. बाहेरून मात्र एवढंच दिसे, की मासोळ्या कमी होत चालल्या आहेत.

मग घरातली नजर बदलली. आधी मांजरीवर आळ आला. पण माझ्यावर जाळीचं झाकण होतं. मग शेजारच्या मंदाबाईंनी हळूच विचारलं, "झाडालोटाले कोण येते तुमच्या घरी?"

येत होत्या जनाबाई, आणि मंदाबाईंकडेही त्याच येत. त्या भांडी घासत, झाडू मारत आणि जाता जाता ओल्या फडक्याने माझी काच पुसत. त्या एकट्या कमावत्या होत्या. त्या गल्लीतल्या घरांवर त्यांची चूल पेटे आणि एका घरात नाव खराब झालं की साऱ्या गल्लीत होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जनाबाई मासोळ्या चोरून बंगल्यावरच्या साहेबांच्या मुलांना नेऊन देतात, अशी कुजबुज सुरू झाली. एके दिवशी ताराचंदभाऊंनी त्यांना दारात थांबवलं.

"पिशवी दाखवून जात जा जनाबाई. कारखान्याच्या गेटवर मले बी रोज डबा उघडून दाखवा लागते. मले राग येते का?"

जनाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पिशवी उघडली. "कालची पोळी हाये भाऊ. बाईनंच देल्ली."

त्या दिवसापासून रोज पिशवी उघडली जाऊ लागली. पिशवीत कधीच काही सापडलं नाही, तरी मासोळ्या कमीच होत गेल्या. मंदाबाईंनी जनाबाईंना कामावरून काढलं. मी काचेची, मला तोंड कुठलं? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि ते बघत मला उभं राहावं लागलं. मला फार वाईट वाटे.

शेवटी वासाने सगळे हैराण झाले, तेव्हा एका रविवारी दोघा नवरा-बायकोंनी माझं पाणी उपसायला घेतलं. तळ दिसू लागला तशी मनगटाएवढी मरळ फडफडली. तिच्या तोंडातून शेवटच्या मासोळीचं सोनेरी शेपूट बाहेर लोंबत होतं. उषाबाई म्हणाल्या, "देवा! आपण तिची पिशवी पाहून राहिलो होतो."

उषाबाई त्याच पावली मंदाबाईंकडे गेल्या, पण मंदाबाईंनी तोवर दुसरी बाई लावली होती. दुसऱ्या दिवशी ताराचंदभाऊंनी जनाबाईंपुढे हात जोडले. त्या झाडू घेऊन आत गेल्या. काम आटोपलं, निघताना दारात थांबल्या आणि त्यांनी पिशवी उघडून धरली.

"आता कायले दाखवता जनाबाई?" उषाबाईंनी विचारलं.

"पाहून घ्या बाई. उद्या अजून काई हरपलं तं? मले आता भेव वाटते."

उषाबाई रडू लागल्या. पण कोणी पिशवीत डोकावल्याशिवाय जनाबाई उंबरठा ओलांडेनात. शेवटी उषाबाईंना डोकावावंच लागलं.

पुढे मला बैलगाडीत घालून अड्याळला नेलं. आज मी यादोरावांच्या गोठ्यात आहे आणि माझ्यात कोंडा भरलेला असतो. मित्रांनो, घरात मासोळ्यांची पेटी आणायची असेल, तर भरल्या घरात माप घ्या. जिचं पाणी तुमच्या हातून वेळच्या वेळी बदललं जाईल, एवढीच पेटी घ्या. आणि काही दिसेनासं झालं, तर माणसाच्या पिशवीत हात घालण्याआधी आपलं पाणी उपसून बघा. माझं पाणी एका रविवारी उपसून झालं. जनाबाईंची पिशवी मात्र मी त्या घरात असेपर्यंत रोज दारात उघडत राहिली.